गारांनंतरची टोपली

मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या काळी महिना कोणता चालू आहे हे कळायला पंचांग उघडावं लागत नसे. बाजारात एक चक्कर मारली की पुरे. हरभऱ्याचे डहाळे दिसले की पौष. बोरांचे ढीग दिसले की माघ. करटुली दिसली की श्रावण लागला, असं लोक खुशाल समजत.

त्या काळी डोंगर आणि नदी यांच्या मधोमध एक छोटं राज्य होतं. राजवाडा होता टेकडीवर, आणि टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, एक मोकळं मैदान होतं. दर मंगळवारी त्या मैदानात बाजार भरायचा. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून माणसं पहाटे तोडलेला माल डोक्यावर घेऊन यायची. सूर्य उगवताना मळ्यात असलेली भाजी दुपारच्या आत कुणाच्या तरी चुलीवर रटरटत असायची.

या बाजारात भिवराबाई नावाची एक माळीण बसायची. वय पन्नाशीच्या पुढे, हात मातीने राठ झालेले, बोलणं मोजकं. नदीकाठी तिचा एक लहानसा मळा होता. गिऱ्हाईक तिला हटकून विचारी, "मावशी, हे कुठलं?" मग ती हात लांब करून दाखवी. "त्या चिंचेपलीकडच्या वाफ्यातलं. सकाळीच काढलंय."

हे सांगताना तिची मान आपोआप ताठ होई. राजाच्या सेनापतीची होत नसेल एवढी.

एके वर्षी त्या राज्यात दूरदेशीचा एक सौदागर आला. त्याच्याबरोबर वीस बैलगाड्या होत्या. गाड्यांत ओल्या गोणपाटाखाली, गवताच्या थरांत, नाना देशांचा माल होता. त्याने राजरस्त्यावर रेशमी छताचं दुकान थाटलं आणि माणसं लावून शहरभर ओरडून सांगितलं, "आमच्याकडे बारा महिने सगळं मिळतं हो!"

आणि खरोखरच मिळत होतं. मार्गशीर्षात आंबा, ज्येष्ठात मटार. लोक हरखून गेले. शेजारणीच्या घरी जे अजून आलं नाही ते आपल्या ताटात आधी वाढायचं, यातच त्यांना मोठेपणा वाटू लागला. तो आंबा गवतात कोंडून पिकवलेला असे. रंगाला सोनं आणि चवीला पाणी. पण पाहुण्यांसमोर कापला की पाहुण्यांचे डोळे विस्फारत, आणि तेवढं लोकांना पुरे होतं.

राजवाड्याचा कोठारी होता रंभाजी. राजवाड्यात काय शिजायचं आणि ते कुठून आणायचं, हे सगळं त्याच्या हाती. त्यालाही हे सोयीचं वाटलं. मंगळवारची वाट बघा, चार टोपल्या चाळा, आज हे नाही आणि उद्या ते नाही हे ऐका, यापेक्षा सौदागराला निरोप धाडला की काम झालं. हळूहळू राजवाड्याने बाजाराकडे पाठ फिरवली. राजवाड्याने फिरवली म्हणून शहरानेही फिरवली. शंभर टोपल्यांचा बाजार होता, तो वीस टोपल्यांवर आला.

इथपर्यंतही एक वेळ चाललं असतं. पण पुढे जे झालं त्याची भिवराबाईला खरी लाज वाटली.

बाजारातल्या काही जणांनी मळ्यात राबणं सोडलं. ते पहाटे सौदागराच्या गाड्यांवर जात, चार-चार दिवसांचा उरलेला माल उचलत, मुळांना इथली लाल माती फासत, वरून पाणी शिंपडत आणि बाजारात बसून ओरडत, "गावची ताजी भाजी! सकाळीच तोडलेली!"

भिवराबाईच्या शेजारी कोंडाबाई नावाची बाई बसायची. दोघी वीस वर्षं एकमेकींची भाकरी वाटून खात होत्या. एका मंगळवारी कोंडाबाईच्या मुळ्यांना फासलेली माती भिवराबाईने बोटाने खरवडून बघितली. आत मुळा पिचपिचीत झाला होता.

"कोंडे, हा मुळा तुझ्या शेतातला?"

कोंडाबाई खाली बघून म्हणाली, "अक्का, सगळेच करतात."

भिवराबाई आपली टोपली चार हात पलीकडे सरकवून बसली. त्या दिवशी दोघींनी भाकरी वेगवेगळी खाल्ली.

खोटेपणा फार दिवस झाकून राहत नाही. राणीसाहेबांना एकदा वांग्याचं भरीत खायची इच्छा झाली. भरीत बाजारच्या वांग्यांचंच व्हावं, असा त्यांचा हट्ट. दासीने "सकाळीच तोडलेली" म्हणून सांगितलेली वांगी नेली. भाजायच्या आधी आचाऱ्याने चिरून बघितली तर एकूणएक वांगी आतून काळी. राजा संतापला.

रंभाजी म्हणाला, "महाराज, बाजारातला माल आणि सौदागराचा माल आता एकच झालाय. फरक इतकाच, की सौदागराचा निदान स्वच्छ असतो. मग हवाय कशाला तो बाजार? मैदान सौदागराला द्यावं. त्याच्या गाड्यांना आणि गोदामांना जागा होईल."

राजाला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. बाजार मोडणार होता.

दवंडी ऐकून बाजारातली माणसं राजवाड्यापुढे जमली. कुणी रडत होतं, कुणी हात जोडत होतं. भिवराबाईने हात जोडले नाहीत. ती पुढे झाली आणि म्हणाली, "महाराज, बाजारात खोटं शिरलं हे खरं आहे. आमच्यातल्याच लोकांनी शिरवलं. पण खोट्यापायी खऱ्यालाही बाहेर काढणार का?"

"खरं आहे कुठे?" राजा म्हणाला. "मला तर दिसलं नाही."

"दाखवते. मला मुदत द्या. दर मंगळवारी बाजाराची एक टोपली राजवाड्यात पोचवीन. तिच्यात एकही जिन्नस असा नसेल, जो पहाटे मळ्यातून निघून दुपारच्या आत पायी इथे पोचला नाही. एक टोपली जरी खोटी निघाली, तर मैदान तुमचं."

सौदागर तिथेच उभा होता. तो गोड हसून म्हणाला, "महाराज, बाईंना सोळा मंगळवार द्यावेत. उद्यापासून फाल्गुन लागतोय. ज्येष्ठ संपेपर्यंत सोळा मंगळवार होतील. आणि एक विनंती. राजवाड्यात डागी माल जात नाही. टोपली खरी तर हवीच, पण बिनडागीही हवी."

जमलेल्या लोकांना हे महिने चांगले ठाऊक होते. फाल्गुन ते ज्येष्ठ! विहिरी तळाला जाण्याचे, नदी आटण्याचे, वाऱ्याने पानं करपण्याचे दिवस.

राजाने भिवराबाईकडे बघितलं. "अट मान्य?"

"मान्य," ती म्हणाली. "आमची माती उन्हाळ्यातही रिकामी नसते, महाराज."

त्या संध्याकाळी तिने बाजारातल्या सगळ्यांना नदीकाठी बोलावलं. वीस जण आले. कोंडाबाई सगळ्यात मागे, तोंड लपवून उभी होती. भिवराबाईने तिला हाताला धरून पुढे आणली. "तुझ्या शेतातल्या शेवग्याला यंदा शेंगा आल्यात का गं?"

कोंडाबाईचे डोळे भरले. "आल्यात अक्का. पण तोडायला गेलेच नाही."

"मग उद्या जा."

एवढंच बोलणं झालं. पण मुळ्यांच्या दिवसापासून दोघींमध्ये पडलेलं चार हातांचं अंतर त्या संध्याकाळी मिटलं.

मग मंगळवार सुरू झाले. पहिल्या टोपलीत वालाच्या शेवटच्या शेंगा होत्या, वांगी होती आणि नव्या चिंचेचे आकडे होते. राजवाड्यातल्या आचाऱ्याने वांगं चिरलं आणि नुसतं हुंगूनच तो म्हणाला, "हे झाडावरून उतरून चार घटका झाल्या नसतील." चैत्र लागला तशा कोंडाबाईच्या शेवग्याच्या शेंगा आल्या, पन्ह्याला कैऱ्या आल्या, भाजीला कोवळी फणसाची कुयरी आली. नदी आटली, तेव्हा नदीच्या वाळूतच बायकांनी वाफे केले. तिथली काकडी आणि कलिंगडं आली. कुणी डोंगरावरून करवंदं आणली. वाळूत आपोआप उगवणारी घोळीची भाजी आली. कितीतरी वर्षांत राजाने ती चाखली नव्हती. त्या दिवशी त्याने ती दोनदा मागून घेतली.

शहरातली माणसंही परत बाजारात डोकावू लागली. राजवाड्यात जाणारी टोपली बघायला म्हणून येत आणि जाताना आपली पिशवी भरून नेत. "मावशी, हे कुठलं?" हा प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला. आणि आता उत्तर देणाऱ्या वीसही माना ताठ असत.

अकरा टोपल्या झाल्या. एकही खोटी निघाली नाही, एकीतही डाग सापडला नाही. रेशमी छताखाली गर्दी कमी झाली. सौदागराचं हसू मावळलं.

बाराव्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, डोंगरामागून काळे ढग आले. वैशाखात असे ढग येतात आणि लोकांना वाटतं, वळवाची एक सर येईल, जरा गारवा पडेल. पण त्या दिवशी आधी वारा सुटला आणि मग गारा कोसळल्या. लिंबाएवढ्या गारा! माणसं मिळेल त्या आडोशाला धावली. गाई हंबरू लागल्या. राजवाड्याची कौलं फुटली. घटकाभरात सगळं शांत झालं, आणि लोक बाहेर येऊन बघतात तो मैदान पांढरं झालेलं.

भिवराबाई मळ्याकडे धावत गेली. वांग्याची झाडं मोडून पडली होती. वाळूतली कलिंगडं फुटून लाल चिखल झाला होता. आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला होता, पण प्रत्येक कैरी कुठेतरी चिरलेली, कुठेतरी ठेचलेली. तिने सगळा मळा पालथा घातला. धड म्हणावं असं तिला काही सापडेना. ती बांधावर बसली, आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने डोळ्यांना पदर लावला.

दिवस मावळायच्या सुमाराला कोंडाबाई घाईघाईने आली. तिच्या डोक्यावर झाकलेली टोपली होती.

"अक्का, बघ तरी!"

तिने फडकं काढलं. आत दोडकी, भेंडी, गवार, वांगी. हिरवीगार. कशावर एक ओरखडा नाही.

"ही कुठली?" भिवराबाईने विचारलं.

"सौदागराच्या माणसाने आणून दिली. म्हणाला, शेठना वाईट वाटलं, अडीअडचणीला शेजारधर्म म्हणून ठेवा. दक्षिणेकडून कालच गाडी आलीय म्हणे. अक्का, मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. पण वीस घरांचा प्रश्न आहे. एकच मंगळवार. पुढचे चार आपण खरे नेऊ. कुणाला कळणार आहे?"

भिवराबाईने टोपलीत हात घातला. एक दोडकं उचललं, गार होतं. तिच्या मनात काय काय आलं असेल, ते तिचं तिलाच माहीत. वीस चुली आल्या असतील. कोंडाबाईची चार पोरं आली असतील.

मग तिने ते दोडकं परत टोपलीत ठेवलं आणि फडकं नीट झाकलं.

"कोंडे, ही टोपली नेली तर मैदान राहील. पण त्या मैदानात उद्या आपण काय म्हणून बसायचं? कुणी विचारलं हे कुठलं, तर कुठे हात दाखवायचा?"

कोंडाबाईने टोपली आपल्याकडे ओढली.

"जा, ज्याची आहे त्याला परत देऊन ये. आणि येताना सगळ्यांच्या घरी सांग. उद्या पहाटे जे असेल ते घेऊन या. फुटकं, चिरलेलं, जसं असेल तसं. पण आपलं."

कोंडाबाईने टोपली उचलली. सौदागराचा माणूस दुकानात भेटला नाही, म्हणून तिने ती दुकानाच्या मागच्या ओट्यावर ठेवली आणि तशीच दारोदार निरोप द्यायला निघाली.

पहाटे वीसच्या वीस जण आले. कुणाकडे दोन वांगी होती, कुणाकडे ठेचलेल्या कैऱ्या. एका म्हाताऱ्याने गारांनी झोडपलेल्या गवारीच्या ओंजळभर शेंगा आणल्या. "सगळ्या झाडांच्या मिळून एवढ्याच निघाल्या," तो म्हणाला. भिवराबाईने सगळं एका टोपलीत रचलं. टोपली भरली. मग सगळ्यांनी मिळून राजवाड्याची वाट धरली. पुढे भिवराबाई, मागे बाजार.

दरबार भरला होता. सौदागर आधीच येऊन बसला होता. भिवराबाईने टोपली खाली ठेवली, अजून फडकंही काढलं नव्हतं, तोच तो उठला.

"महाराज, आजची टोपली नीट तपासावी. काल गारांनी सगळे मळे झोडपले. मग आज यांच्याकडे भाजी आली कुठून? माझ्या दुकानातून! खात्री करून घ्यावी. तळाच्या दोडक्यांच्या देठांना माझ्या माणसाने बांधलेला निळा दोरा सापडेल."

दरबारात कुजबुज सुरू झाली. कोंडाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती टोपली कशासाठी आली होती, हे तिला आता कळलं.

राजा भिवराबाईला म्हणाला, "फडकं काढ."

तिने फडकं काढलं.

टोपलीत ना दोडकं होतं, ना निळा दोरा. होत्या त्या चिरलेल्या कैऱ्या, खड्डे पडलेली वांगी, काळवंडलेल्या शेंगा. एकूणएक जिनसावर गारेचा डाग.

राजाने टोपली निरखली. मग सौदागराकडे वळून त्याने शांतपणे विचारलं, "निळा दोरा दिसत नाही. पण तो तिथे असणार, हे तुला आधीच कसं ठाऊक होतं?"

कोंडाबाई पुढे आली. तिने काल संध्याकाळची सगळी हकिकत सांगितली. सौदागराचा माणूस काय म्हणाला तेही, आणि आपण स्वतः अक्काला काय म्हणालो तेही. काही लपवलं नाही.

सौदागर मोठा हुशार. त्याने लगेच पवित्रा बदलला. "असेल, महाराज. माझी चूक झाली असेल. पण अट अट असते. टोपली बिनडागी हवी होती. इथे तर एकही जिन्नस बिनडागी नाही!"

"ते बरोबर बोलतायत, महाराज," भिवराबाई म्हणाली. "अट मोडली. मैदान तुमचं. पण बारा टोपल्या आणल्या आणि बाराही खऱ्या आणल्या. एवढं सगळ्या दरबारासमोर सांगून आम्ही जातो."

आणि तिने टोपली उचलायला हात घातला.

"थांब," राजा म्हणाला. त्याने एक चिरलेली कैरी हातात घेतली. "ही कुठली?"

"खालच्या शिवारातली. तिथली सगळी आमराई झडली, महाराज."

"हे वांगं?"

"टेकडीमागच्या वाडीचं. तिथे एक झाड उभं नाही."

"या शेंगा?"

म्हातारा पुढे झाला. "माझ्या मळ्यातल्या, महाराज. ओढ्याकाठी. माझ्या शेजारच्या घराचं छप्पर उडालं. ती माणसं काल देवळात राहिली."

राजा एकेक जिन्नस उचलत गेला आणि विचारत गेला. टोपली रिकामी होईपर्यंत. शेवटी राजाने रंभाजीकडे बघितलं.

"रंभाजी, काल गारा पडल्यावर मी तुला विचारलं, नुकसान किती? तू काय म्हणालास?"

रंभाजी खाली मान घालून म्हणाला, "वाड्याची चार कौलं फुटली, असं म्हणालो, महाराज."

"आणि काल रात्री माझ्या ताटात काय होतं?"

"दक्षिणेकडची भेंडी, महाराज. उत्तम होती."

"उत्तम होती," राजा म्हणाला. "म्हणूनच मला काही कळलं नाही. माझ्या राज्यावर गारा पडल्या आणि माझ्या ताटावर एकही पडली नाही! वीस गाड्या आणि एक कोठारी, एवढ्यांनी मिळून जे मला सांगितलं नाही, ते या बाईच्या टोपलीने सांगितलं." तो भिवराबाईकडे वळला. "डाग तुझ्या मालाला नाही, बाई. ही अट घालताना मला आकाशाची आठवण राहिली नाही, हा डाग माझा. बिनडागीची अट मी मागे घेतो. खरेपणाची ठेवतो. मैदान बाजाराचं आहे आणि बाजाराचंच राहील."

मग राजा सिंहासनावरून उठला आणि तसाच, राजवस्त्रांतच, टेकडी उतरू लागला. त्या दिवशी त्याने खालचं शिवार बघितलं, टेकडीमागची वाडी बघितली, ओढ्याकाठचं उघडं घर बघितलं. परत येताच त्याने कोठाराची दारं उघडायला लावली. ज्यांचं पीक गेलं होतं त्यांना बियाणं मिळालं, ज्यांचं छप्पर गेलं होतं त्यांना वासे आणि कौलं मिळाली. बियाणं मोजून द्यायला रंभाजी स्वतः उभा राहिला. चार दिवस तो हललाही नाही. चूक उमगली की माणूस असा कामाला लागतो.

सौदागराला हाकलून द्या, असं पुष्कळ जण म्हणाले. राजाने भिवराबाईला विचारलं.

ती म्हणाली, "राहू दे त्याला, महाराज. मिरी आपल्याकडे पिकत नाही, खजूर पिकत नाही. आणलंन तर आम्हीही घेऊ. पण दुरून आणलेलं दुरून आणलंय म्हणूनच विकावं. आमच्या मातीचं नाव लावू नये."

तसंच ठरलं. रेशमी छत उतरलं. सौदागराला बाजाराच्या एका कडेला जागा मिळाली. पहिले काही दिवस तो मान वर करत नव्हता. मग मिरी, लवंगा आणि खजूर विकता विकता त्यालाही कुणी विचारू लागलं, "शेठ, हे कुठलं?" आणि तो खरं सांगू लागला. खरं सांगितल्यावर त्याचा मालही चांगला खपला, ही गंमत त्याची त्यालाच वाटे.

सोळाव्या मंगळवारी भिवराबाईला टोपली टेकडीवर न्यावी लागली नाही. राजा स्वतःच बाजारात आला, राणीसाहेबांना घेऊन. गारांतून वाचलेल्या झाडांची जांभळं आली होती, पाडाचे आंबे आले होते. थोडेच होते. पण आंब्यांचा वास सगळ्या मैदानात भरला होता. राजाने जमिनीवर बसून एक आंबा चोखला. मनगटावरून रस ओघळला, तरी त्याला भान नव्हतं.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "भिवराबाई, माग. काय हवं ते माग."

"काही नको, महाराज," ती म्हणाली. "फक्त विचारत जा. दर मंगळवारी कुणीतरी येऊन विचारत जा, हे कुठलं. विचारणारा असला, की सांगणाऱ्याला खोटं बोलवत नाही."

राजाने शब्द दिला आणि तो पाळला. तेव्हापासून त्या राज्यात राजघराण्यातलं कुणीतरी दर मंगळवारी बाजारात येई, स्वतः टोपल्या बघे आणि शिवाराची खबर घेई. कुठे पाऊस कमी झाला, कुठे कीड पडली, कुठे पीक उत्तम आलं, हे त्या राजाला सगळ्यांच्या आधी कळे. म्हणून संकटात मदतही सगळ्यांच्या आधी पोचे. शेजारच्या राज्यांतले लोक विचारत, तुमचा राजा इतका जाणता कसा? तेव्हा तिथली माणसं छाती फुगवून सांगत, "आमचा राजा आमच्या शिवारातलं खातो!"

कोंडाबाई आणि भिवराबाई पुढे कितीतरी वर्षं बाजारात शेजारी शेजारी बसल्या. भाकरी पुन्हा एका फडक्यात बांधून आणू लागल्या.

तात्पर्य : आपल्या मातीत, आपल्या हंगामात पिकलेलं थोडं असो वा डागी असो, ते खरं असलं की विकणाऱ्याची आणि खाणाऱ्याची, दोघांचीही मान ताठ राहते.